लिव्हरमधल्या गाठी कोणत्या पेशींच्या? दहिवेलजवळच्या एका लेअर फार्मचं प्रकरण

धुळे-सुरत महामार्गावर दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो आणि घाट उतरला की नवापूरचा पोल्ट्रीपट्टा सुरू होतो. हा फार्म घाटाच्या अलीकडचा, साक्री तालुक्यातला. लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, तीन शेड, तिन्हींत वेगवेगळ्या वयाचे पक्षी. मालकांना सगळे नाना म्हणतात. फार्मचं किंवा त्याला पिल्लं पुरवणाऱ्या हॅचरीचं नाव इथे देत नाही, कारण दोघांतला वाद अजून मिटलेला नाही.

तक्रार साधी होती. ग्रोअर शेडमधल्या तलंगांना सतरावा आठवडा लागला होता, चार-दोन आठवड्यांत अंडी सुरू व्हायची, आणि नेमक्या त्याच वेळी मर सुरू झाली. एकदम नाही, रोज थोडी थोडी, पण थांबेचना. मरणारा पक्षी आधी वाळायचा. तुरा फिका पडायचा, छातीचं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागायचं, पोट मात्र भरल्यासारखं. खाद्य-पाणी बाकीच्या पक्ष्यांचं ठीक. राणीखेतची लस वेळेवर होऊनही रक्ततपासणीत टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, जेमतेम आणि पक्ष्यागणिक वेगळे आले होते. त्या वेळी ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नाही.

या भागात कोंबड्या मरायला लागल्या की पहिला विचार बर्ड फ्लूचाच येतो, आणि यायलाच हवा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला उद्रेक जाहीर झाला तो घाटाखाली नवापूरलाच. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा तेच झालं. खड्ड्यांत पक्षी पुरताना पाहिलेली माणसं अजून याच धंद्यात आहेत. म्हणून पशुसंवर्धन विभागाला कळवून घशाचे आणि विष्ठेच्या जागेचे स्वॅब आधी पाठवले. अहवाल निगेटिव्ह आला. तो तसा येणार हे मरीच्या चालीवरून वाटतच होतं. एच५एन१ असा महिनाभर रेंगाळत नाही, शेड दोन-तीन दिवसांत झोपवतो. तरी तो कागद हातात येईपर्यंत एकही पक्षी फार्मबाहेर गेला नाही.

दरम्यान खाद्यवाल्याच्या प्रतिनिधीनं एक मेलेली तलंग फाडून बघितली, लिव्हर मोठं दिसलं आणि निदान करून टाकलं: मक्यात बुरशी, अफ्लाटॉक्सिन. टॉक्सिन बाइंडर वाढवा, लिव्हर टॉनिक पाण्यातून द्या. नानांनी दोन्ही केलं, बिलं भरली, मर तशीच राहिली. अफ्लाटॉक्सिननं लिव्हर पिवळट पडतं, चरबीनं भरतं, ठिसूळ होतं. या पक्ष्यांच्या लिव्हरमध्ये राखाडी-पांढऱ्या गाठी होत्या. काही मसुराएवढ्या, काही बोराएवढ्या. बुरशीचं विष खाऊन सतराव्या आठवड्यात अशा गाठी येत नाहीत.

मी गेलो तेव्हा ताजे मेलेले आणि अगदी अखेरीला आलेले असे मिळून पाच पक्षी तपासले. लिव्हर बरगडीच्या बाहेर डोकावत होतं. स्प्लीन नेहमीच्या दुपटीहून मोठी. दोघांच्या किडनीतही गाठी. मग मांडी उघडून दोन्ही बाजूंच्या सायटिक नसा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कारण इथेच बहुतेक वेळा निकाल लागतो: मरेक्स नावाच्या विषाणूजन्य आजारात नस सुजते, तिच्यावरच्या बारीक आडव्या रेषा पुसल्या जातात, रंग चकचकीत पांढऱ्याचा राखाडी होतो. पाचांपैकी एकाची उजवी नस किंचित जाड वाटली. बाकी चौघांच्या नसा डोळ्यांना ठीकच दिसल्या. एक पाय पुढे, एक मागे टाकून बसणारा, पुस्तकात छापतात तसा पक्षी शेडमध्ये त्या दिवशी सापडला नाही. शेड झाडणारा मुलगा मात्र म्हणाला, महिन्यापूर्वी असे काही होते, ते आम्ही काढून टाकले.

तेव्हा समोर दोन आजार उरले. मरेक्स, म्हणजे हर्पिस गटातल्या विषाणूनं होणारा लिम्फोसाइटचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, कर्करोग. आणि लिम्फॉइड ल्युकोसिस, म्हणजे रेट्रोव्हायरसनं होणारा लिम्फोसाइटचाच कर्करोग. लिव्हर दोन्हींत मोठं होतं, गाठी दोन्हींत येतात. मरेक्स लवकर येतो, ल्युकोसिस उशिरा, पण सोळाव्या आठवड्यापासून पुढे काही काळ दोघांची वयं एकमेकांत मिसळतात. नाना नेमके त्याच पट्ट्यात सापडले होते.

हा फरक नुसता अभ्यासाचा नाही, पैशाचाही आहे. ल्युकोसिसचा विषाणू कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणजे बोट हॅचरीच्या पेरेंट फ्लॉककडे, पिल्लांच्या आईबापांच्या कळपाकडे, जातं. मरेक्स अंड्यातून येत नाही. पिसांच्या मुळातून झडणाऱ्या कोंड्यातून, शेडच्या धुळीतून, श्वासावाटे येतो. म्हणून हॅचरीचा माणूस फोनवर ठामपणे म्हणाला, मरेक्स आहे, तुमच्या धुळीतला आहे. नाना तितक्याच ठामपणे म्हणत होते, ल्युकोसिस आहे, पिल्लांबरोबरच आला आहे. दोघांपैकी कुणीच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. माझ्याकडे वळून नाना एवढंच म्हणाले, "डॉक्टर, माले पैसा नको, कारण सांगा."

पीसीआर का नाही केला, असा प्रश्न हमखास येतो. केला. पिसांच्या मुळांतून मरेक्सच्या विषाणूचा डीएनए मिळाला. पण व्यापारी कळपात तो विषाणू जवळजवळ सर्वत्र असतो. लस घेतलेल्या, धडधाकट, भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीतही मिळतो, कारण मरेक्सची लस गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. विषाणू अंगात असणं वेगळं आणि त्यानं गाठ केलेली असणं वेगळं. गाठ कुणाची हे विचारायचं तर प्रश्न गाठीतल्या पेशीलाच विचारावा लागतो.

पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात आणि प्रत्येक जातीच्या पेशीवर ती ठराविक असतात. लग्नात फेट्याच्या रंगावरून वरपक्षाचा माणूस आणि वधूपक्षाचा माणूस ओळखावा, तसं त्या प्रथिनांवरून पेशीचं कूळ ओळखता येतं. ओळखायचं साधन म्हणजे अँटिबॉडी: ती ठराविक प्रथिनालाच चिकटते आणि रंगानं ती पेशी उमटून दिसते. शिवाय भर मांडवात कुणी दुसऱ्यांचा फेटा बांधून फिरतोय का, हेही बघावं लागतं. लिम्फोसाइटची दोन मुख्य कुळं, टी आणि बी. मरेक्सच्या गाठी टी पेशींच्या, लिम्फॉइड ल्युकोसिसच्या बी पेशींच्या. कोंबडीत टी पेशी ओळखायची ती सीडी३ वरून. तिच्यातली मदतनीस टी पेशी सीडी४ वरून, मारेकरी टी पेशी सीडी८ वरून. टी पेशीचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, अल्फा-बीटा प्रकारचा असेल तर टीसीआर२ किंवा टीसीआर३, गॅमा-डेल्टा प्रकारचा असेल तर टीसीआर१. माणसाच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी थोड्या असतात, कोंबडीत कितीतरी जास्त. म्हणून माणसाच्या हिशेबानं कोंबडीचा अहवाल वाचू नये. बी पेशीची खूण बीयू-१, आणि जोडीला पृष्ठभागावरचं आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीचाच एक प्रकार. मॅक्रोफाजसाठी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींसाठी, केयूएल-०१ नावाची अँटिबॉडी वापरतात.

ही ओळख पटवण्यात कोंबडीचा हात फार मोठा आहे आणि पोल्ट्रीवाल्यांना तो माहीत असायला हरकत नाही. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी दाखवलं की पिल्लाचा बर्सा, म्हणजे शेपटाखालची ती लहानशी पिशवी, काढून टाकली तर पुढे त्याला अँटिबॉडी नीट बनवता येत नाहीत. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीतच थायमसच्या, म्हणजे मानेतल्या ग्रंथीच्या, पेशी आणि बर्साच्या पेशी असे दोन वेगळे संसार दाखवले. पुढे १९८० च्या दशकात कूपर यांच्याच अलाबामातल्या गटानं कोंबडीच्या सीडी३, सीडी४, सीडी८ विरुद्धच्या अँटिबॉडी बनवल्या. आज प्रयोगशाळा मागवतात त्या बऱ्याचशा त्याच वंशातल्या. उंदरासाठी किंवा माणसासाठी बनवलेल्या अँटिबॉडी कोंबडीच्या पेशीला सहसा चिकटत नाहीत. एक मोठा अपवाद आहे: माणसाच्या सीडी३ च्या पेशीआतल्या तुकड्याविरुद्ध सशात बनवलेली अँटिबॉडी. तो तुकडा उत्क्रांतीत फारसा बदललेला नाही, त्यामुळे ती कोंबडीतही चालते, आणि फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या तुकड्यावरही चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून पाठवता येईल असा हा एकच सोपा नमुना.

बीयू-१, सीडी४, सीडी८ यांचं तसं नाही. त्यांच्या नेहमीच्या अँटिबॉडी फॉर्मलिननं बदललेलं प्रथिन बहुधा ओळखत नाहीत. त्यांना गोठवलेला ताजा तुकडा लागतो. पहिल्यांदा रक्त पाठवून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्रातून एकेका पेशीवरच्या खुणा मोजणं, करावी असा विचार होता. तो सोडला. एक तर कोंबडीच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं. माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी फोडून पांढऱ्या वेगळ्या काढतात, तसं इथे केलं की फुटलेल्या केंद्रकांचा चिकट लगदा होतो. रक्त अगदी हळू फिरवून किंवा घनतेच्या द्रवावर चढवून लिम्फोसाइट वेगळे करावे लागतात, आणि रक्त गोठवणारे थ्रोम्बोसाइट, त्यांनाही केंद्रक असतं, बरोबर येतातच. दुसरं म्हणजे एप्रिलमधला खान्देश. दुपारी साक्री स्टँडवर पार्सल ठेवायचं आणि रात्रभर बसमध्ये. पोचेपर्यंत निम्म्या पेशी मेलेल्या, आणि मेलेली पेशी कुठल्याही अँटिबॉडीला चिकटते. तिसरं, आजार लिव्हरमध्ये होता, रक्तात नव्हता.

म्हणून तुकडे जागेवरच गोठवायचे ठरलं. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा? कृत्रिम रेतन करणाऱ्याकडून. गायी-म्हशींच्या वीर्यकांड्या त्यातच असतात, त्यामुळे खेड्यापाड्यातही तो मिळतो. आमच्या रेतनवाल्या दादांनी आधी सरळ नकार दिला: "माझ्या जारमध्ये कोंबडीचं मटण नाही जायचं." रास्त होतं. मग त्यांनी थोडा नायट्रोजन रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये ओतून दिला. झाकण नुसतं वर ठेवायचं, फिरवून आवळायचं नाही. आतला वायू फुगत राहतो आणि बंद थर्मास फुटतो. तुकडा वाटाण्याहून मोठा घेतला नाही, कारण मोठा तुकडा बाहेरून गोठतो आणि आत बर्फाचे सुरे उगवून पेशी फाटतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलची लहान होडी करून तिच्यात गोठवण्याचा जेल, जेलमध्ये तुकडा, आणि होडी चिमट्यानं धरून नायट्रोजनच्या वाफेत. थेट द्रवात बुडवली की तुकड्याला तडे जातात. जेल कडेपासून मध्याकडे पांढरा होत जातो. मध्यावरचा शेवटचा पारदर्शक ठिपका पांढरा झाला की होडी उचलायची. लिव्हरची गाठ, गाठीशेजारचं बरं लिव्हर, स्प्लीन आणि बर्सा, असं प्रत्येक पक्ष्याचं घेतलं. त्याच वयाच्या एका निरोगी पक्ष्याचं थायमस आणि बर्साही घेतलं. ते नसतं तर पुढचा अहवाल मी वाचलाच नसता: बर्सात बीयू-१ आणि थायमसमध्ये सीडी३ ठसठशीत उमटलेलं दिसत नसेल, तर गाठीतल्या कोऱ्या पट्टीला काही अर्थ नाही.

मेणातले काप आधी आले. साध्या रंगात पॅथॉलॉजिस्टचा कौल मरेक्सकडे होता, पण मोकळ्या मनानं नाही. मरेक्सच्या गाठीत लहान, मध्यम, मोठ्या अशा सरमिसळ पेशी असतात. ल्युकोसिसच्या गाठीत एकाच साच्यातून काढल्यासारख्या. इथे चार पक्ष्यांत सरमिसळ होती. पाचव्यात पेशी बऱ्याच एकसारख्या होत्या. सीडी३ च्या रंगात त्या चौघांच्या गाठी तपकिरी झाल्या, पाचव्याची जवळजवळ कोरी राहिली.

सीडी३ उमटलं म्हणजे टी पेशींचा कर्करोग, असं लगेच म्हणायचं नसतं. कर्करोग बी पेशींचा असला तरी त्याच्याशी लढायला टी पेशी गाठीत शिरतात आणि त्याही तपकिरी होतात. बघायचं ते हे, की ज्या मोठ्या, विभागत असलेल्या पेशी आहेत त्यांच्याच कडा रंगल्या आहेत का. चौघांत रंगल्या होत्या. गोठवलेल्या कापांनी पुढचं सांगितलं: त्याच पेशींवर सीडी४ भरपूर, सीडी८ इकडेतिकडे विखुरलेलं, ग्राहक अल्फा-बीटा, टीसीआर१ अगदी तुरळक, बीयू-१ पेशी गाठीच्या कडेला थोड्या. मरेक्सचा विषाणू अंगात शिरल्यावर पहिल्या आठवड्यात बी पेशी फोडतो, मग चेतवलेल्या सीडी४ टी पेशींत लपतो आणि त्यांच्याच गाठी करतो. कापांवर तीच कथा दिसत होती. राणीखेतचे टायटर का जेमतेम होते याचं एक उत्तरही तिथेच मिळालं: ज्या पेशींनी अँटिबॉडी बनवायच्या त्यांनाच लहानपणी मार बसलेला. दोघांचा बर्सा वयाच्या मानानं आक्रसलेला होता.

एमएचसी वर्ग-२ नावाच्या प्रथिनाची अँटिबॉडीही लावली होती, आणि तिच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण फेटे बदलतात ते इथेच. शांत बसलेल्या टी पेशीवर हे प्रथिन नसतं, बी पेशीवर कायम असतं. म्हणून नवखा माणूस चौघांच्या गाठीवर ते दिसताच बी पेशी म्हणून मोकळा होईल. पण चेतवलेली टी पेशी हे प्रथिन अंगावर चढवते, आणि मरेक्सची बदललेली पेशी चेतवलेलीच असते. एका खुणेवर निदान करायचं नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो ते याच उदाहरणावरून.

आता पाचवा पक्षी. त्याच्या गाठीवर सीडी३ नाही, बीयू-१ ठळक, आयजीएमही. बर्सा चिरला तेव्हा आत एक कठीण गोळा लागला होता, तो मी त्या दिवशी नोंदवला होता, पण मरेक्समध्येही बर्सा कधी कधी जाड होतो म्हणून त्यावर भर दिला नव्हता. मायक्रोस्कोपखाली गोळा फॉलिकलच्या, म्हणजे बर्सातल्या बी पेशींच्या पुंजक्याच्या, आतून वाढलेला निघाला. मरेक्समध्ये तो फॉलिकलच्या मधल्या जागेत पसरतो. हा ल्युकोसिस होता. त्याच शेडमध्ये, त्याच पिंजऱ्यांच्या रांगेत.

नानांना हेच हवं होतं. एक पक्षी का होईना, हॅचरीवर बोट दाखवणारा. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही त्यांना आवडल्या नाहीत. पहिली, मर कशानं चालू आहे तर मरेक्सनं. चारास एक असा हिशेब पाच पक्ष्यांवरून शेडला लावता येत नाही, पण मोठा वाटा कुणाचा हे स्पष्ट आहे. दुसरी, मरेक्स निघालं म्हणून हॅचरी सुटत नाही. मरेक्सची लस फार्मवर कुणी देत नाही. ती एक दिवसाच्या पिल्लाला हॅचरीतच टोचतात. चांगली लस जिवंत पेशींत ठेवलेल्या विषाणूची असते आणि उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये साठवतात. ॲम्प्युल कोमट पाण्यात पटकन वितळवायची, डायल्युएंटमध्ये मिसळायची, तास-दोन तासांत संपवायची. वितळलेली पुन्हा गोठवायची नाही. मधे कंटेनरमधला नायट्रोजन एकदा जरी खाली गेला तरी पेशी मरतात, पेशींबरोबर लस मरते, आणि बाटली बाहेरून होती तशीच दिसते. नानांच्या पिल्लांच्या कार्डावर लिहिलं होतं: "मरेक्स – दिली." स्ट्रेन नाही, लॉट नंबर नाही, तारीख नाही.

आणि तिसरी गोष्ट मी न सांगताच त्यांना दिसली असणार. लहान पिल्लांच्या ब्रूडर शेडपासून म्हाताऱ्या बॅचची शेड हाकेच्या अंतरावर, वारा पश्चिमेचा, पंखे तिकडून इकडे. एकच माणूस दोन्हीकडे खाद्य टाकणारा. लस टोचल्यावर पिल्लात प्रतिकार उभा राहायला आठवडाभर तरी लागतो आणि रानटी विषाणू कोंड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. शर्यत पहिल्या आठवड्यातच लागते. लस कितीही चांगली असली तरी ब्रूडरच्या छतावरच्या जाळ्यांत मागच्या बॅचची धूळ लोंबत असेल तर ती शर्यत लस हरते.

मरेक्सवर औषध नाही. त्या बॅचमधले वाळलेले पक्षी रोज निवडून काढत गेलो. अंडी भरात आल्यावर मर हळूहळू उतरली, उत्पादन मात्र अपेक्षेपेक्षा कमीच राहिलं. माणसाला यापासून धोका नाही, अंडी विकायला अडचण नव्हती. लिव्हर टॉनिक बंद केलं. पुढच्या बॅचसाठी ब्रूडर छतापासून धुतला, फॉर्मलिनचा धूर दिला, पिल्लं यायच्या आधी शेड मोकळी ठेवली, तिथे वेगळा माणूस नेमला. मला विचाराल तर यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या वेगळ्या माणसाचं, आणि सगळ्यात अवघडही तेच, कारण त्याचा पगार दर महिन्याला दिसतो.

हॅचरीकडे दोन गोष्टी लेखी मागितल्या. लसीचा स्ट्रेन आणि लॉट नंबर पिल्लांच्या बिलावर छापून द्यायचा. हे त्यांनी मान्य केलं, आणि पुढच्या पिल्लांबरोबर तसं बिल आलं. दुसरी मागणी पाचव्या पक्ष्यामुळे होती: पेरेंट फ्लॉकच्या अंड्यांतल्या पांढऱ्या भागाची पी-२७ एलायझा तपासणी, म्हणजे ल्युकोसिसच्या विषाणूचं पी-२७ हे प्रथिन शोधणारी चाचणी. ल्युकोसिसचा विषाणू बाहेर टाकणाऱ्या कोंबड्या त्यात सापडतात आणि पैदाशीतून काढता येतात. जगभर ल्युकोसिस आटोक्यात आला तो मुख्यतः अशाच निवडीनं, त्यावर लस नाही. ही तपासणी नाना करू शकत नाहीत, मीही नाही. ती अंडी हॅचरीच्या ताब्यात आहेत, आणि त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.